पास आऊट

आमच्या घराण्यात इंग्रजी बोलण्याची परंपरा नाही. इंग्रजी बोलणाऱ्याकडे तोंड उघडं टाकून बघण्याची आहे. आमचे आजोबा कोकणातल्या घराच्या ओटीवर बसलेले असत. पोस्टमनने इंग्रजी पत्त्याचं पाकीट आणलं की ते आधी कपाळाला लावत नि मग फोडत. आत बहुधा मुंबईच्या एखाद्या दुकानदाराने थकलेल्या पैशांची आठवण करून दिलेली असे. पण पाकिटाचा मान पाकिटाला!

अशा या घराण्यात पहिले पदवीधर झाले ते आमचे धाकटे काका, आप्पा. दिवसा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, रात्रीच्या शाळेतून एस. एस. सी. व्हायचं, नि मग सकाळच्या कॉलेजात जाऊन बी. ए. करायचं, हा पराक्रम त्यांनी १९६८ साली पुरा केला. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक मुंजीत, लग्नात नि बारशात आप्पा ही गोष्ट सांगत आले. गोष्ट सगळी मराठीत, फक्त तिचं पहिलं वाक्य कायम इंग्रजीत असायचं : “आय पास्ड आऊट इन नाइन्टीन सिक्स्टी-एट.” ते इंग्रजीतच का, असं कुणी कधी विचारलं नाही. पूजेला सुरुवातीचा संकल्प जसा संस्कृतात असतो, तसं ते असावं अशी आमची समजूत.

गेल्या मार्गशीर्षात डोंबिवलीला नात्यात एक साखरपुडा झाला. अमेरिकेतला आमचा भाचा त्यासाठी मुद्दाम आला होता नि येताना ऑफिसातला एक अमेरिकन मित्रही घेऊन आला होता. हा मित्र मोठा सज्जन. जिलबी मठ्ठ्यात बुडवून खात होता, पण तेही आदराने. जेवणं झाल्यावर भाच्याने त्याची आप्पांशी ओळख करून दिली. आप्पांचं वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला नि सुरुवात केली, “आय पास्ड आऊट इन नाइन्टीन सिक्स्टी-एट.”

पाहुण्याचा चेहरा एकदम काळजीने भरला. तो पुढे वाकला नि हळूच म्हणाला, “ओह! आर यू ऑल राइट नाऊ?”

आप्पांना काही कळेना. आमच्या भाच्याला मात्र सगळं कळलं. तो खदखदून हसला नि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाला, “आप्पाआजोबा, मग शुद्धीवर कधी आलात?” मग त्याने सर्वांना समजावून सांगितलं, की तिकडे पास आऊट होणं म्हणजे बेशुद्ध पडणं! पदवी घेतली तर ‘ग्रॅज्युएट’ झालो म्हणायचं.

हॉलभर हशा पिकला. मुलीकडची माणसं हसली, मुलाकडची हसली, वाढपी हसले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल, तर आम्ही.

आप्पाही हसले. “असं होय!” म्हणाले, कोटाचं बटण काढलं नि पान आणायला म्हणून उठून गेले. गोष्ट त्या दिवशी पुढे सरकली नाही.

परतीच्या लोकलमध्ये आमची ही म्हणाली, “तुम्हाला तरी एवढं मोठ्याने हसायला काय झालं होतं? तुम्हाला तो अर्थ ठाऊक होता?”

“म्हणजे काय! ठाऊक होता तर!”

“मग गेली चाळीस वर्षं आप्पांना का नाही सांगितलात?”

लोकलमध्ये गर्दी होती, त्यामुळे उत्तर न देता खिडकीबाहेर बघता आलं. खरं सांगायचं तर आम्हाला तो अर्थ भाच्यानंतर पाव सेकंदाने कळला होता. नि तो आधीपासून ठाऊक असल्याचा पुरावा म्हणून आम्ही हसलो होतो. दुसऱ्याच्या इंग्रजीला हसताना आपल्याकडची निम्मी माणसं याच कारणासाठी हसतात. हसला तो पास, गप्प राहिला तो नापास, अशी ती परीक्षा असते.

त्यानंतर फाल्गुनात एक बारसं झालं. कुणीतरी सवयीने म्हणालं, “आप्पा, ती तुमच्या बी. ए.ची गोष्ट सांगा की!” आप्पा म्हणाले, “काय सांगायचंय त्यात? झालो आपला पास एकदाचा,” नि घुगऱ्यांचा द्रोण पुढे ओढला. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला प्रयोग एका हशात बंद पडला. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ‘पास आऊट’चं वकीलपत्र घेतलं. ते आज वाचकांच्या न्यायालयात सादर करीत आहोत.

पहिला साक्षीदार खडकवासल्याचा. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून दर वर्षी दोनदा शिकून तयार झालेले कॅडेट बाहेर पडतात. मराठी वर्तमानपत्रं त्या सोहळ्याला ‘दीक्षान्त संचलन’ म्हणतात. खुद्द प्रबोधिनी म्हणते ‘पासिंग आऊट परेड’. ३० मे २०२५ला तिथून पहिल्यांदा मुलींची तुकडी बाहेर पडली. सतरा मुली, तीनशेहून अधिक मुलांच्या खांद्याला खांदा लावून. ती पोरं-पोरी ताठ मानेने चालत होती. ती ‘पास आऊट’ झाली असं जगाला सांगितलं गेलं, तेव्हा कुणी कांदा हुंगवायला धावलं नाही. आता हा शब्दप्रयोग काही खडकवासल्याला जन्मला नाही. तो गोऱ्या फौजेचा. ब्रिटिश इंग्रजीचे शब्दकोश आजही ‘पास आऊट’चा एक अर्थ ‘लष्करी शिक्षण पुरं करून बाहेर पडणं’ असा देतात. म्हणजे साहेबाने लेफ्ट-राइट करत केलं तर ते पासिंग आऊट, नि आमच्या आप्पांनी खिळे जुळवत केलं तर ती फीट! छावणीतला शब्द आम्ही कॉलेजात नेला, एवढाच काय तो आमचा गुन्हा. नि तोही विचार करून नेला. ‘पास’ म्हणजे पास झालो, ‘आऊट’ म्हणजे बाहेर पडलो. यात समजायला कठीण ते काय? उलट ‘पास’ नि ‘आऊट’ यांच्या बेरजेतून माणूस जमिनीवर आडवा कसा होतो, हे साहेबाने एकदा फळ्यावर सोडवून दाखवावं. बेशुद्ध पडण्याचा तो अर्थ तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदला गेलेला. बायबलाच्या काळापासून चालत आलेला नव्हे!

दुसरा साक्षीदार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन. १७५५ साली त्यांनी आपला जंगी इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबुलीजबाब देऊन ठेवला, की क्रियापदाला शेपटासारखा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची आमच्या भाषेला खोड आहे, नि परक्या माणसाला सर्वांत जास्त अडचण होते ती यानेच. खाली उदाहरणांची यादी आहे. त्यात ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणे असं दिलंय. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. म्हणजे हे अर्थ साहेबाच्या घरीसुद्धा एका जागी बसत नाहीत. या प्रकाराला धड नावही नव्हतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव १९२५ साली लोगन पिअरसाल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झालं. ते त्यांना सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. ज्याचं बारसं १९२५ साली झालं, ते मूल आप्पांपेक्षा वयाने फार तर वीसएक वर्षांनी मोठं. त्याच्यापुढे त्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

शाळेत आम्ही हे फ्रेजल व्हर्ब कसे शिकलो ते आठवलं की आजही अंगावर शहारा येतो. एक ‘पुट’ घ्या. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आऊट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. आमचे मास्तर ‘पुट ऑन’ हा शब्द अंगात सदरा घालण्याचा अभिनय करून शिकवीत नि ‘पुट डाऊन’ छडी खाली ठेवून. ‘पुट अप विथ’ला अभिनयाची गरज नव्हती, तो आम्ही वर्षभर करीतच होतो. पुढे सरकारी नोकरीत गेलो तर तिथे साहेब फायलीवर नुसतं ‘पुट अप’ लिहीत, म्हणजे कागद सादर करा. मी कागद ‘पुट अप’ करीत असे नि साहेबाला ‘पुट अप विथ’ करीत असे. माझी सारी नोकरी त्या एका ‘विथ’मध्ये गेली.

तिसरा साक्षीदार घरचाच आहे. क्रियापदाला चिमुकला शब्द चिकटवून अर्थ पार उलटापालटा करणं ही काही साहेबाची मिरास नव्हे. ‘हार’ला ‘प्र’ लावा, मार मिळतो. ‘आ’ लावा, जेवायला मिळतं. ‘वि’ लावा, फिरायला जाता येतं. ‘सं’ लावा, सगळंच आटपतं. साहेब शेपूट लावतो, आपण शिंगं लावतो. त्या शिंगांना आपण ‘उपसर्ग’ म्हणतो. उपसर्गाचा दुसरा अर्थ उपद्रव, तेव्हा आपल्या पूर्वजांनी विद्यार्थ्यांना आगाऊ सूचना दिली होती असंच म्हटलं पाहिजे. आता परीक्षेच्या निकालावरचा आपला भारदस्त शब्द घ्या : उत्तीर्ण. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. ‘तीर्ण’ म्हणजे तरून गेलेला. पाण्यातून पार होऊन बाहेर आलेला तो उत्तीर्ण. अहो, म्हणजे पास आऊटच की! आप्पा इतकी वर्षं ‘उत्तीर्ण’चं शब्दशः इंग्रजी भाषांतर म्हणत होते नि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. नि उत्तीर्ण न होणाऱ्यासाठी आपण काय शब्द केला? नापास! ‘ना’ फारसीचा, ‘पास’ इंग्रजीचा. हा शब्द लंडनला कळणार नाही, तेहरानला कळणार नाही. पण महाराष्ट्रात तो नुसता उच्चारला तर दहा वर्षांचं पोर जेवण टाकून उठतं. शब्द याहून अधिक काय काम करणार?

शिवाय आमच्या मराठीची स्वतःची शेपटं आहेतच. ‘मी किल्ली हरवून बसलो.’ कुठे बसलात? कुठेही नाही, उभ्याने शोधतो आहे. ‘तो भलतंच बोलून गेला.’ गेला नाही, अजून समोरच बसलाय नि चहा मागतोय. ‘एवढा लाडू खाऊन टाक.’ टाकायचा नाही, गिळायचा. हे बसणं, जाणं, टाकणं एखाद्या अमेरिकन माणसाने उलटसुलट केलं नि ‘मी लाडू खाऊन बसलो’ असं म्हणाला, तर आपण त्याला हसतो का? मुळीच नाही. ‘काय गोड मराठी बोलतो हो!’ म्हणून त्याला आणखी एक लाडू वाढतो. लाडू त्याला नि हशा आप्पांना, हा कुठला न्याय?

चौथा मुद्दा उसनवारीचा. साहेबाने आमच्याकडून शब्द नेले, तेव्हा त्यांचे अर्थ जपून नेले का? आमचा पंडित नेला. तो आता अमेरिकेत टीव्हीवर कोट घालून निवडणुकीचे अंदाज सांगतो. आमचा पायजमा नेला नि रात्री झोपायला घातला. आमचा बंगला नेला नि त्याचा वरचा मजलाच काढून टाकला. त्यांच्या बंगल्याला माडी नसते. इथे आम्ही माडी बांधायला कर्ज काढतो! यावरून कुणा इंग्रजाला आपल्या आत्याच्या साखरपुड्यात मान खाली घालावी लागल्याचं ऐकिवात नाही. ज्याने शब्द वापरला त्याचा तो झाला. भांड्यावर नाव घालतात तसं शब्दावर घालता येत नाही.

आता प्रतिपक्षाचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, नाहीतर हे वकीलपत्र एकतर्फी होईल. प्रतिपक्ष म्हणतो, की बोलायचं ते समोरच्याला कळावं म्हणूनच ना? मान्य. शंभर टक्के मान्य. उद्या आमच्या नातीने तिकडच्या विद्यापीठाला अर्ज केला, तर ‘ग्रॅज्युएट’ झाले असं लिही, म्हणून आम्हीच तिला सांगू. नाहीतर ते लोक प्रवेशपत्राऐवजी डॉक्टर पाठवायचे. गाव बदललं की पायताण बदलतं, तसं बोलणंही बदलतं. पण ते सांगायची रीत असते. एखाद्याच्या सदऱ्याचं बटण उलट्या काजात गेलं असेल तर शहाणा माणूस त्याला कोपऱ्यात नेऊन सांगतो. मांडवाच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवत नाही. त्या अमेरिकन पाहुण्याला आप्पांचं वाक्य कळलं नाही, पण तो हसला नाही. ज्याची भाषा होती त्याने काळजी केली. हसलो आम्ही, ज्यांना ‘पास आऊट’ म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. ज्यांच्या पोरांच्या नोकरीच्या अर्जावर ‘२०१९ पासआऊट’ असं छापलेलं असतं!

नि हसलो तरी कुणाला? जो माणूस दुसऱ्यांचं इंग्रजी आयुष्यभर अक्षर-अक्षर जुळवत आला त्याला. छापखान्यातला खिळा उलटा असतो. जुळारी वाचतो तेही उलटं. बड्या बड्या लोकांची इंग्रजी भाषणं, अहवाल, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका आप्पांच्या बोटांखालून गेल्या. स्पेलिंगची चूक ते आरशातल्या अक्षरातसुद्धा पकडत. मूळ लेखकाची चूक असली तर गुपचूप दुरुस्त करत नि कुणाला सांगत नसत. त्या सगळ्या इंग्रजीत त्यांचं स्वतःचं असं वाक्य एकच होतं. सात शब्दांचंही नाही. तेवढं आम्ही काढून घेतलं.

मागच्या आठवड्यात आम्ही हा सगळा युक्तिवाद पाठ करून आप्पांकडे गेलो. खडकवासला झालं, जॉन्सनसाहेब झाले, उत्तीर्णचा ‘उत्’ झाला. आप्पा शांतपणे अडकित्त्याने सुपारी कातरत होते. आमचं संपल्यावर म्हणाले, “झालं तुझं? अरे, पण तो पोरगा चुकीचं कुठे बोलला?”

“म्हणजे?”

“निकालाच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा टाकली होती. सकाळपासून पोटात एक कप चहा. कॉलेजच्या बोर्डापुढे ही गर्दी! ढकलाढकलीत पुढे गेलो, नंबर शोधला. दिसला. परत बघितला. परत दिसला. नि तिथेच आडवा झालो.”

“बेशुद्ध?”

“मग काय! प्यूनने तोंडावर पाणी मारलं, बाकावर बसवलं, स्वतःच्या पैशांचा चहा पाजला. त्या पोराने विचारलं होतं ना, शुद्धीवर कधी आलात म्हणून? त्याला सांग, सव्वाबाराला. एक वाजता छापखान्यात हजर होतो. अर्धी रजा होती ना.”

“आप्पा, हे तुम्ही आजवर कधी सांगितलं नाहीत!”

“घरात पहिला बी. ए. झालो नि चक्कर येऊन पडलो, हे काय लोकांना सांगायचं? म्हणून तर पहिलं वाक्य इंग्रजीत ठेवलं होतं. त्यातच सगळं आलं असं वाटायचं. त्याचा तसा अर्थ खरंच होतो, हे मात्र मला त्या दिवशी डोंबिवलीला कळलं.” नि मग सुपारी तोंडात टाकून आप्पा पोटभर हसले. सव्वाबारापासून ते एक वाजेपर्यंतची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. पहिल्या वाक्यासकट.

भाच्याला आम्ही फोन करून ‘सव्वाबारा’ एवढंच सांगितलं. “काय सव्वाबारा, मामा?” असं त्याने विचारलं. म्हटलं, आप्पाआजोबांना फोन कर, ते सांगतील.

राहता राहिलं आमचं त्या दिवशीचं हसणं. त्याचं काय करावं ते सुचेना, म्हणून हा लेख लिहून टाकला. टाकला म्हणजे फेकला नव्हे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. प्रुफं आप्पाच तपासणार आहेत. ‘पास आऊट’ जोडून लिहायचं की तोडून, ते त्यांच्यावर सोपवलं आहे. ते ठरवतील ते बरोबर.